नावाडिणीची पाटी

पेंटरबाई रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसली की थोड्याच वेळात तिच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं. आधी नुसतं बघायचं, मग घसा खाकरायचं आणि हमखास म्हणायचं, "बाई, यात एक चूक आहे."

"माझी नाही हो," ती मान न वळवता म्हणायची. "मी फक्त रंग देते. काय चुकलंय?"

त्या माणसाला तेवढंच हवं असायचं. वळणावरच्या विहिरीपाशी जी पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं की कूच करणाऱ्या सैन्याने इथे मुक्काम केला. शेजारच्या गिरणीवाल्याचं म्हणणं, मुक्काम कसला, त्यांचं खेचर विहिरीत पडलं होतं आणि ते वर काढता काढता सगळ्यांच्या नाकी नऊ आले, म्हणून थांबले. जुन्या जकात नाक्याच्या पाटीवर एका नाकेदाराच्या सचोटीचं कौतुक होतं, त्याने म्हणे सख्ख्या सासऱ्यालाही सोडलं नाही. "सासऱ्याशी त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं," तिथल्या बायका हसून सांगायच्या, "सचोटी कुठली घेऊन बसलात!"

रस्ते खात्याने कधीकाळी हौसेने या पाट्या उभ्या केल्या होत्या. दगडी चौथरा, त्यावर लोखंडी चौकट, चौकटीत पत्रा. ऊन, पाऊस, ट्रकचा धूर आणि येणाऱ्याजाणाऱ्याने नेम धरून मारलेले दगड यांनी त्यांची रया जायची आणि बाई आळीपाळीने त्यांना पुन्हा माणसांत आणायची. वायर ब्रशने गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग गडद निळा, आणि तो वाळला की पांढरी अक्षरं. खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते, तिच्या आधाराने अक्षरं काढायची. डोक्यावरची रेघ मात्र सगळ्यात शेवटी. हे मामाने शिकवलेलं. "रेघ आधी मारलीस ना, की अक्षरं तिला टांगल्यासारखी दिसतात," तो म्हणायचा. "अक्षर कसं स्वतःच्या पायावर उभं पाहिजे."

लोक चुका सांगायचे, ती ऐकायची. घाई असली तरी ऐकायची. फक्त एका पाटीपाशी ती कुणाला काही विचारत नसे. ती पाटी नदीजवळ, पुलाच्या अलीकडे होती. तिच्यावर लिहिलं होतं:

'पूल होण्यापूर्वी येथे होडीचा उतार होता. महापुराच्या वर्षी येथील नावाडिणीने नदीतील बेटावर अडकलेल्या वीटभट्टी कामगारांना एकटीने पार नेले. शेवटच्या प्रवाशाला आणण्यासाठी परत गेली असता ती वाहून गेली.'

ही नावाडीण म्हणजे पेंटरबाईची आई.

पूर आला तेव्हा बाई चार वर्षांची असेल नसेल. वडील त्याआधीच तापाने गेले होते आणि होडी आईच्या हातात आली होती. पूर ओसरल्यावर मामा आला आणि भाचीला खांद्यावर बसवून शहरात घेऊन गेला. शहरात त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, वर राहायची खोली. दुकानात टर्पेंटाईनचा वास असा मुरलेला की तो भाकरीलाही यायचा. पोरीने शाळेत गिरवायच्या आधी दुकानाच्या फरशीवर खडूने अक्षरं गिरवली. 'सलून', 'दवाखाना', 'आज रोख उद्या उधार' हे तिचे पहिले धडे.

मामी वाईट नव्हती. तोंडाने फटकळ होती एवढंच. भाचीला तिने कधी उपाशी ठेवलं नाही की फाटकं घालू दिलं नाही. पण एका दिवशी पोरीच्या हातून व्हार्निशचा अख्खा डबा नव्या पाटीवर कलंडला आणि मामीचा तोल गेला.

"अगदी आईवर गेलीस! तिनेही असंच सगळं वाऱ्यावर सोडलं आणि गेली."

"गेली म्हणजे?" पोरीने विचारलं. "बुडाली ना?"

"होडी सापडली ना खाली, गवतात लागलेली. चांगली धडधाकट. माणूस नाही सापडलं. आता तूच कर विचार."

मामीने लगेच जीभ चावली. संध्याकाळी तिने पोरीला पुढ्यात घेऊन केस विंचरले, एकही गुंता ओढला नाही. पण बोललेलं थोडंच पुसता येतं? व्हार्निश तरी टर्पेंटाईनने निघतं.

त्या दिवसापासून तिला दोन आया झाल्या. एक बुडालेली. ती शेवटपर्यंत तिची होती, पण आता नव्हती. दुसरी गेलेली. ती लेकीला टाकून गेली होती, पण कुठेतरी होती. कुठेतरी पाणी भरत असेल, कुठल्या तरी दारात बसली असेल. रात्री पडल्या पडल्या पोरगी एकदा हिला मागायची, एकदा तिला, आणि दोघींपैकी कुठली खरी असावी हे तिला कधीच ठरवता यायचं नाही. चेहरा तर आठवायचाच नाही. एक ओला हात आठवायचा, गार, आणि त्याच्यावर होडीच्या डांबराचा वास. बस्स.

पुढे शहरात फ्लेक्स छापायची मशीनं आली आणि हाताने रंगवलेल्या पाट्यांना कुणी विचारेनासं झालं. मामाचा धंदा बसला, दुकानाची जागा तेवढी राहिली. तेव्हा भाचीने रस्ते खात्याचं हे काम मागून घेतलं. मामाला वाटलं, पोटापाण्यासाठी. लग्नाचं स्थळ आलं होतं तेही तिने मोडलं, तेव्हा मामी म्हणाली, "हिला रस्त्यांचंच वेड लागलंय." एका परीने खरंच होतं ते. पाटीच्या निमित्ताने सगळे रस्ते फिरता यायचे, सगळी बस स्टँडं, सगळे बाजार. आणि जिथे जाईल तिथे ती आईच्या वयाच्या बायका बघायची.

ते वय ती मनातल्या मनात वाढवत न्यायची. आता तिचे केस पिकले असतील. आता चष्मा लागला असेल. आता गुडघे धरले असतील, जिना चढताना कठडा धरत असेल. एकदा एका बाजारात पाठमोरी बाई दिसली, डोक्यावर ओझं असूनही सरळ चालणारी. होडीत उभं राहायची सवय असलेलं माणूस असंच चालत असेल, असं तिच्या डोक्यात आलं आणि ती कांद्यांच्या ढिगांमधून, हातगाड्यांमधून तिच्या मागे गेली. शेवटी त्या बाईनेच वळून विचारलं, "काय गं, केव्हापासून मागे मागे येतेयस? काय पाहिजे?"

"काही नाही. ओळखीच्या वाटलात."

"मग आता वाटतेय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिच्याने दुसरा शब्द बोलवला नाही.

नदीजवळच्या पाटीला लागून एक चहावाला होता. त्याचं दुकान चहापेक्षा त्या पाटीवर जास्त चालायचं. गाड्या थांबल्या, लोक उतरले, की तो गोष्ट सुरू करायचा. त्याच्या गोष्टीतली नावाडीण पुरुषभर उंच होती, तिचे केस सुटलेले असायचे, ती एका हाताने वल्हं मारायची आणि दुसऱ्या हाताने बुडणाऱ्याला केसांना धरून उचलायची. शेवटचा प्रवासी कधी तान्हं मूल असायचं, कधी आंधळा म्हातारा, आणि गाडीत कुणी नवं जोडपं असलं तर हमखास नवरी. पेंटरबाई कोण हे त्याला ठाऊक होतं. ती काम करत असताना गिऱ्हाईक आलं की तो आधी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणायचा, "बाई, जरा कान बंद करा. दोन मिनिटं."

"सांगा, सांगा," ती म्हणायची. आणि ऐकायचीच. त्या उंच बाईला ती ओळखत नव्हती.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. नवा पूल, नवी वळणं. पाट्या हलवायच्या होत्या, आणि हलवतोच आहोत तर मजकूरही एकदा तपासून घेऊ असं खात्याने ठरवलं. त्यासाठी नव्या इंजिनिअर मॅडम दुकानात आल्या. वयाने लहान, बोलायला मोकळ्या. पायरीवर बसूनच त्यांनी कागद उलगडला.

"ताई, या नदीच्या पाटीवर एक शंका आहे. इथे लिहिलंय, शेवटच्या प्रवाशाला आणण्यासाठी. तो प्रवासी कोण? वाचला का? त्याचं नाव मिळालं तर घालू या म्हणते."

इतक्या वर्षांत बाईने ती ओळ कितीदा तरी रंगवली होती. 'शेवटच्या' मधला च तिला झोपेतही काढता आला असता. पण हा प्रश्न तिने कधी मोठ्याने विचारला नव्हता.

"चहावाल्याला विचारलं," मॅडम हसल्या. "त्याने मला चार प्रवासी सांगितले. पण एक कामाची गोष्टही सांगितली. त्या भट्टीवर काम करणारी एक बाई म्हणे अजून आहे. घाटाखालच्या गावात शिलाई करते. त्याच्या बहिणीचे कपडे तिच्याकडेच असतात. मी गुरुवारी जाऊन येईन म्हणते."

"मला माहितेय ती," बाई म्हणाली.

"तुम्ही भेटलाय तिला?"

"नाही."

हेच तर होतं. शिलाईवाली कुठे राहते हे बाईला कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. घाटाखालच्या गावात शिरताना डाव्या हाताला एक गल्ली जाते, तिच्या टोकाला. त्या गल्लीवरून ती रंगाचे डबे घेऊन असंख्य वेळा गेली होती आणि प्रत्येक वेळी तिचे पाय जड झाले होते. विचारलं, की एक आई जाणार. कुठली, ते माहीत नाही, पण एक जाणार हे नक्की. न विचारता दोघीही राहत होत्या.

"तुम्ही नका जाऊ मॅडम," ती म्हणाली. "मी जाते."

संध्याकाळी तिने मामाला सांगितलं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामा आता थकला होता, कानाने कमी ऐकू यायचं, पण खिडकीशी बसून समोरच्या दुकानांच्या पाट्यांतल्या चुका मात्र अजून काढायचा.

"मामा, पाटीवर शेवटचा प्रवासी कुणी घातला?"

त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो चष्मा काढून पुसायला लागला.

"मीच म्हण ना. साहेब आले होते विचारायला. या काठावरच्या लोकांनी पाहिलं होतं की होडी पुन्हा पाण्यात आली. का आली, कुणाला काय माहीत? साहेब म्हणाले, कारण तर लिहायला हवं. मी म्हटलं, कुणीतरी राहिलं असेल बेटावर. त्यांनी तेच लिहून घेतलं आणि मी तेच रंगवलं."

"आणि तुला काय वाटतं? खरं?"

"माझी बहीण होती गं," मामा म्हणाला. "मला काय वाटायचंय?" आणि चष्मा चढवत, "जा तू. मलाही कळेल. पण लवकर परत ये."

शिलाईवाल्या मावशींची खोली जिना चढून वर होती. दार उघडंच. आत खिडकीखाली पायाचं मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धवट कपडे, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. मावशी सुईत दोरा ओवत होत्या आणि तो जात नव्हता.

"ये. ब्लाऊज की पडदे?" त्यांनी वर न बघताच विचारलं. "आणि आधी हा दोरा ओवून दे. तुझे डोळे शाबूत असतील तर."

बाईने दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात ओवला गेला. मग ती म्हणाली, "मावशी, मी शिवायला नाही आले. पुराच्या वेळी तुम्ही बेटावर होतात ना? होडी चालवणारी बाई... मी तिची मुलगी."

मावशींनी सुई कापडात टोचून ठेवली आणि तिच्याकडे नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत, मापं घ्यावीत तसं.

"किटली?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"ती किटली म्हणायची तुला. सारखी. माझी किटली घरी झोपलीय, माझी किटली उठेल. मला आधी कळेचना, म्हटलं ही बया पुरात चहाच्या किटलीची काळजी काय करतेय! मग तीच म्हणाली, पोरगी आहे हो माझी, रडायला लागली की कोंडलेली वाफ सुटावी तशी शिट्टीच वाजते. बस ना अशी. उभी का?"

बाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. तिला पाणी हवं होतं, पण मागायचं सुचलं नाही.

"कशी होती हो ती?" तिने विचारलं. "उंच होती?"

"उंच? छे! माझ्या खांद्याला लागायची. आणि तोंड तर काय विचारू नकोस. आम्ही भेदरलेले, बायका रडतायत, आणि ही ओरडतेय, खाली बसा, हलाल तर मीच ढकलून देईन. माझ्या सासूबाई गाठोडं सोडेनात, तर म्हणाली, म्हातारे, एक तर तू ये नाहीतर गाठोडं येईल, दोघं नाही. आणि सर्दी झाली होती तिला. इतकी शिंकत होती! प्रत्येक शिंकेला होडी हलायची आणि आमचा जीव वर यायचा. शेवटी शेवटी आम्हाला हसू यायला लागलं. खरंच सांगते, त्या पाण्यात आम्ही हसलो."

मावशी स्वतःशीच हसल्या. उंच, केस सुटलेली नावाडीण पेंटरबाईच्या डोक्यातून निघून गेली होती आणि तिच्या जागी एक बुटकी, नाक लाल झालेली बाई वल्हं मारत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आईचा आवाज ऐकू येतोयसा वाटला, आणि तो चोंदलेला होता.

"आणि शेवटचा प्रवासी?" तिने विचारलं.

"कुठला प्रवासी?"

"शेवटची फेरी. बेटावर कोण राहिलं होतं?"

"कुणी नव्हतं राहिलं. शेवटच्या फेरीत आम्हीच तर होतो. तिने आम्हाला पलीकडच्या काठावर नेलं, तिकडे चढ होता, वर शाळा होती. बेट रिकामं झालं होतं अगं. कुत्रंसुद्धा आणलं तिने. आम्ही म्हटलं, बाई, आता तूही थांब. सकाळी पाणी उतरेल, मग जा. तर म्हणाली, नाही बाई, तिकडे शेजारणीला सांगून आलेय, पण तिचा काय भरवसा, तीच घाबरून पळाली असेल. किटली उठेल आणि मला हाक मारेल. कुणी हात धरला, तो तिने झटकला. म्हणाली, हे काय समोर घर दिसतंय माझं."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग?" बाईने विचारलं.

"मग ती निघाली. मधोमध गेली असेल. वरून एक झाड येत होतं, मुळांसकट. आम्ही सगळ्यांनी ओरडून सांगितलं, पण पाण्याचा आवाजच एवढा. होडी फिरली. मग होडी दिसली गं, सरळ, नुसती चाललेली. ती नाही दिसली." मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आम्ही अंधार पडेपर्यंत काठावर होतो. मग दुसऱ्याच दिवशी मुकादमाने आम्हाला ट्रकने दुसऱ्या भट्टीवर नेलं. कुणी विचारायला आलंच नाही. आणि मी त्यानंतर ती नदी ओलांडली नाही. पूल झाला तरी नाही."

पेंटरबाई रडली नाही. निदान तिथे नाही. मावशींनी तिला चहा पाजला, मघाच्याच गोष्टी पुन्हा सांगितल्या आणि तिनेही त्या पुन्हा ऐकल्या. निघताना ती दारात अडखळली.

"मावशी, ती शिंकायची कशी?"

मावशींना प्रश्न चमत्कारिक वाटला नाही. त्यांनी आठवून आठवून, नाक वर करून, तीन लागोपाठ शिंका काढून दाखवल्या.

परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, पाठमोरी, डोक्याला रुमाल बांधलेली. सवयीने बाईची मान वाकडी झाली, चेहरा बघायला. मग तिच्या लक्षात आलं की आता बघायचं कारण उरलं नाही. ती मागे टेकून बसली आणि तेव्हा तिला रडू आलं. कंडक्टर तिकीट द्यायला आला, तिच्याकडे बघून पुढे गेला आणि मग बऱ्याच वेळाने आला.

मामा खिडकीतच होता. तिने सगळं सांगितलं, इतक्या मोठ्याने की गल्लीतल्या अर्ध्या लोकांनाही ते कळलं. 'किटली' शब्द ऐकल्यावर म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला.

"अरे हो! किटली! मी विसरलोच की गं. इतकी वर्षं मी तुला बाळ बाळ करत राहिलो..."

"मामा," ती म्हणाली, "म्हणजे मी नसते तर ती तिकडेच थांबली असती."

"हं."

"वाचली असती."

त्याला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून ती पुन्हा सांगणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, "तुझ्या आईला कधी कुणाच्या घरी झोप यायची नाही. लग्नाआधीही. आमच्या मावशीकडे नेलं की रात्री उठून बसायची, घरी चला म्हणायची. ती तुझ्यासाठी आली हे खरंच. पण तिला यायचंही होतं गं. तेवढं तिच्याकडे राहू दे. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस."

यानंतर कितीतरी दिवस तिला चुकल्या चुकल्यासारखं होत राहिलं. लोकांना वाटेल, बाईला उत्तर मिळालं, सुटली. तसं नसतं. इतकी वर्षं ती जिला शोधत होती ती म्हातारी, चष्मा लागलेली, गुडघे धरून जिना चढणारी, ती अचानक गेली होती. कधी नसलेलीच होती ती, पण बाईने तिला स्वतःच्या हाताने म्हातारं केलं होतं. बस स्टँडवर उभं राहायचं आणि कुणाकडेच बघायचं नाही, हे तिला शिकावं लागलं.

इंजिनिअर मॅडमना तिने सरळ सांगितलं, "शेवटचा प्रवासी नव्हता. ती घरी येत होती."

मॅडमनी कागदावर ती ओळ खोडली आणि पेन हातात धरून म्हणाल्या, "घरी, लहान मुलीकडे, असं घालू या का ताई? वाचणाऱ्याला कळेल."

बाईने विचार केला. "नको. घराकडे पुरे."

चहावाल्याने मात्र कपाळ बडवून घेतलं. "बाई, शेवटचा प्रवासीच काढलात? मग मी सांगू काय लोकांना? माझ्या गोष्टीचा पार कणाच मोडलात तुम्ही!"

"तिला सर्दी झाली होती, असं सांगा," बाई म्हणाली.

पुढे त्याने ते खरंच सांगायला घेतलं आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोक आता आधी हसतात, मग गप्प होतात, आणि चहा जास्त खपतो.

नवी पाटी तिने दुकानातच रंगवली, मामासमोर. 'सर्वांना सुखरूप पैलतीरी उतरवून ती आपल्या घराकडे निघाली असता वाहून गेली.' 'घराकडे' हा शब्द तिने दोनदा पुसून पुन्हा काढला. मामा म्हणाला पहिलाच बरा होता, पण तिला घ हवा तसा उतरत नव्हता. डोक्यावरची रेघ मारायला तिने मामाच्या हातात ब्रश दिला. त्याचा हात कापत होता, म्हणून तिने मनगटाला आधार दिला आणि रेघ जराशी वाकडी का होईना, पुरी झाली.

पाटी नव्या जागी बसली, चार माणसं जमली, मॅडमनी दोन शब्द बोलून फोटो काढला. सगळे पांगल्यावर बाई चालत पूल ओलांडून पलीकडे गेली. पुलावरून ती आजवर किती वेळा गेली असेल, पण बसमधून. पलीकडच्या उतारावर ती कधी उतरली नव्हती. तिथे आता कुणी जात नव्हतं. झुडपं माजली होती, वरच्या शाळेच्या जागी गोदाम झालं होतं. कठड्यावरून उतरून, काट्यांतून वाट काढत ती पाण्यापर्यंत गेली. होडी लागायची ती जागा हीच असणार, दगड तेवढे गुळगुळीत होते.

तिने समोर पाहिलं. अलीकडच्या काठावर, जिथे त्यांचं घर होतं, तिथे आता घर नव्हतं. एक गॅरेज होतं, त्याच्या दारात टायरांचा ढीग, आणि एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. दुपार कलली होती. नदी संथ होती. कपडे काढणारी बाई आत कुणाला तरी हाक मारत होती आणि शब्द कळत नसले तरी आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता.

पेंटरबाई बराच वेळ तिथे उभी राहिली. समोरचा काठ इतका जवळ दिसत होता, की कुणीही निघालं असतं.